मेन स्विच आणि आबासाहेबांचा हुकूम

आबासाहेब इनामदारांच्या लेकीचा साखरपुडा, पाहुणे वाटेवर, आणि वादळानं गावची वीज गेलेली! आबासाहेबांनी जनरेटर आणवला, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करवून घेतली आणि फर्मावलं, "खुपसा हे टोक भिंतीतल्या प्लगात. सगळा बंगला उजळू दे!"

घरकाम करणारी तुळसा आडवी आली.

"मालक, ही वीज उलटी गावाच्या तारंवर जाईल! आन् माझा घरवाला तिथं खांबावर चढलाय, तार जोडाया!"

"मेन स्विच बंद केलाय ना? मग घरातली वीज घरातच राहील."

"आन् कुणी चालू केला तर?"

"माझ्या घरात? माझ्या हुकमाशिवाय इथे पान हलत नाही! हुकूम मोडणारा एक माणूस दाखव. नाहीतर हो बाजूला, आणि उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

हुकूम मोडायची छाती होती कुणाची? खांबावर चढलेला नवरा, महिपत, तुळसाला इथून दिसत होता. बाई हटली नाही.

"मग जनरेटर सुरू व्हायच्या आत, सगळ्यांदेखत हुकूम सोडा की!"

"मेन स्विचला कुणीही हात लावायचा नाही!" आबासाहेब गरजले.

तुळसा मुकाट्यानं अंगणात गेली आणि एकदम बेंबीच्या देठापासून ओरडली, "लाइट आली! लाइट आली!"

झालं! पोरंटोरं नाचू लागली, स्वयंपाकघरात "आली गं बाई!" असा गलका उठला. आणि आबासाहेब? "आली का?" म्हणत धोतर सावरत धावले आणि त्यांनी खाटकन मेन स्विच वर केला! दिवे काही लागले नाहीत.

"मालक, हुकूम मोडणारा गावला!" दारातून तुळसा म्हणाली.

आबासाहेबांनी हात झटकन मागे घेतला. "पण लाइट आलीच नव्हती! ही लबाडी झाली!"

"व्हय, लबाडी माझी. पर हात कुणाचा? जनरेटर चालू असता तर माझं कुंकू आत्ताच पुसलं असतं!"

आबासाहेबांनी स्विचकडे पाहिलं, मग खांबाकडे. चेहरा क्षणभर पांढराफटक पडला. मग मात्र ते पोट धरून हसत सुटले. "हरलो, बाई! सांग, आता काय करू?"

"एका म्यानात दोन तलवारी नकोत, मालक. आज जनरेटर बाहेर लांब ठेवा, त्याच्यावरनंच वायरी टाकून थेट दिवं लावा. आन् उद्या वायरमनकडनं चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. दांडा वर केला की गावाची वीज, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकदम जोडाय जमतच न्हाई. तुम्ही हुकूम मोडला तरी!"

आबासाहेबांना पुन्हा हसू फुटलं. "उद्याच बसवतो! आणि महिपतला म्हणावं, काम झालं की सरळ इकडे ये. आज पहिल्या पंगतीला तुम्ही दोघं, आणि वाढायला मी!"