पल्याडचं गाणं

नदी सरळ वाहत होती तेव्हा सगळे सुगरण पक्षी एकाच बाभूळबनात राहत. मग एका पुरात नदी वळली आणि बनाच्या मधूनच वाहू लागली. पिढ्या लोटल्या. अल्याडचे नर लांब शीळ घालू लागले, पल्याडचे तुटक चिवचिवू लागले. माद्यांनाही आपापल्या काठाचंच गाणं गोड वाटे.

एकदा पल्याडचा पिवळ्या नावाचा नर वादळात अल्याड येऊन पडला. रीतीप्रमाणे त्याने अर्धं घरटं विणलं. मादीने पारखून पसंत केलं तरच नर घरटं पुरं करतो, नाहीतर सोडून देतो.

रेशी नावाची तरुण मादी घरटं बघायला आली. तिने चोचीने धागे ओढून पाहिले. वीण थेट तिच्या वडिलांसारखी होती. पिवळ्या जीव ओतून गायला. रेशीने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"घरटं फार सुंदर आहे," ती हळूच म्हणाली, "पण तुझं गाणं माझ्या मनाला भिडत नाही, दादा."

पिवळ्याची मान खाली गेली. रेशी उडून गेली.

दुसऱ्या दिवशी पाहावं तर पिवळ्या तेच घरटं विणत बसलेला.

"अरे, तिने नाही म्हटलं ना?" शेजारचा नर म्हणाला. "आता कोणासाठी विणतोस?"

पिवळ्याने गवताचं पातं ओढून घट्ट केलं.

"दादा म्हणाली ती मला," तो म्हणाला. "बहिणीला माहेर नको का?"