थोरल्या हातोड्याची जागा

फार पूर्वी तांबट आळीच्या सभाघरातून माणसं उठून गेली की तिथे हत्यारांची सभा भरे. नियम एकच होता: जाजमावर एकही जागा रिकामी असेल तर सभा सुरू करायची नाही.

थोरला हातोडा फुटून गेला, तेव्हापासून, अजून स्वतःची जागा न मिळालेला त्याचा धाकटा भाऊ त्या जागेवर कुणाला टेकू देईना. "ती दादाची आहे!" म्हणत तो अंगावर धावून जाई. अशा तीन सभा मोडल्या.

"मग तूच बस की रे," सांडशी म्हणाली. "बूड भाजतं का?"

"मी बसलो तर दादा खरंच गेला, असं होईल."

तेवढ्यात एक अर्धवट मठारलेलं घंगाळ गडगडत पुढे आलं. "बाळा, तुझ्या दादानं माझं अर्धंच पोट ठोकलंय. उरलेलं असंच घेऊन चारचौघांत फिरू? लाज वाटते मला."

धाकट्याला हसू आलं आणि रडूही. दादाच्या जागेवर बसून त्यानं एक ठोका मारला.

"वाकडा पडला!" सांडशी खिदळली.

"दादाचाही पहिला वाकडाच होता," घंगाळ म्हणालं. "बघ, इथे बुडाशी आहे."

धाकट्यानं तो बराच वेळ पाहिला. मग दुसरा ठोका मारला.

त्या दिवशीची सभा ठोक्यांच्या आवाजातच पार पडली.