उस्तादांनी निवडलेला स्पीकर

एकदा एका शिष्येने आपल्या गुरूंपुढे फाटलेला स्पीकर आणून ठेवला आणि विचारले, "उस्ताद, याच्या जागी कोणता बसवू?" प्रश्न तेवढाच होता. उत्तर मिळायला मात्र अख्खी दुपार गेली, आणि ते उत्तर कुठवर जाऊन पोचेल याची दोघांनाही कल्पना नव्हती.

गुरूंचे नाव बशीर उस्ताद. तरुणपणी त्यांनी सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. पुढे बोटे आखडली, तेव्हा त्यांनी लाउडस्पीकर दुरुस्त करण्याचे दुकान घातले. स्पीकरचा फाटका कागदी पडदा काढून तिथे नवा चिकटवायचा, हे त्यांचे काम. शिकवणे मात्र त्यांनी सोडले नव्हते. पद्मजा येमूल ही त्यांची शिष्या एका टॉवेल कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालत असे आणि सुटीच्या दिवशी त्यांच्याकडे येऊन गिटार शिकत असे. अशी आठ वर्षे झाली होती.

त्या वर्षी कारखान्याला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. मालकांनी मोठा समारंभ ठरवला. आपल्याच कारखान्यातली मुलगी गिटार वाजवते हे कळल्यावर त्यांनी पद्मजाला बोलावून घेतले. "आपल्या घरचं काहीतरी हवं," ते म्हणाले. "स्वतः बसवलेलं वाजव." पद्मजाने पंधरा दिवसांत एक धून बसवली.

या धुनेचे दोन भाग होते. पहिला अतिशय शांत, सूत उलगडत जावे तसा. त्यासाठी गिटारचा आवाज स्वच्छ लागे. दुसरा भाग यंत्रमागांचा. त्यासाठी ती ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे रेटी, म्हणजे सूर तापून खरखरीत होत. गिटारवाले त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. हा भाग तिने आपल्या आईसाठी रचला होता. आई नरसम्मा सत्तावीस वर्षे त्याच कारखान्यात माग चालवत होती, आणि आता तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. हे एकट्या तिचेच दुखणे नव्हते. मागांवरच्या बायकांनी तीनदा अर्ज दिला होता, की आमचे कान तपासा, कानांत घालायला काहीतरी द्या. तिन्ही वेळा एकच उत्तर आले. कारखान्यात आवाज नेहमीइतकाच आहे.

तालमीला मालक स्वतः आले. पहिला भाग ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरा सुरू झाला, आणि त्यातच पद्मजाचा जुना स्पीकर फाटला. आवाज चरचरून थांबला.

"बरंच झालं," मालक हसून म्हणाले. "पहिला भाग फार सुंदर आहे. तो गोंगाट कशाला? पाहुणे येणार आहेत. मी तुला नवा स्पीकर पाठवतो. एकदम भारी. त्याच्यावर गोडच वाजेल."

दुसऱ्या दिवशी स्पीकर घरी आला. तो कोरा होता आणि वजनाने जड होता. सभांमध्ये भाषणासाठी वापरतात त्या जातीचा. पद्मजाला तो बसवावासा वाटेना, परत करायचे धाडसही होईना. म्हणून ती नवा आणि फाटका असे दोन्ही स्पीकर रिक्षात घालून उस्तादांकडे आली.

सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर उस्ताद उठले. त्यांनी मालकांचा स्पीकर एका लाकडी पेटीत बसवला. स्वतःजवळचे आणखी दोन तशाच पेट्यांत बसवले. एक फार जुना, पातळ कागदाचा. दुसऱ्याला त्यांनी गेल्याच महिन्यात नवा पडदा घातला होता. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "कुठला जोडलायस ते मला सांगू नको. ॲम्प्लिफायरचा आवाज स्वच्छ ठेव. आणि मार तारांवर. अंगात असेल तेवढा जोर लाव."

"पण स्वच्छ भाग मी हळू वाजवते, उस्ताद."

"मी काय सांगायलोय ते कर."

तिने आधी जुन्या पातळ स्पीकरवर जोराने तारा छेडल्या. आवाज लगेच घोगरा झाला, जणू कुणाचा घसा बसावा. मालकांच्या स्पीकरवर सूर जराही हलला नाही. तिसऱ्यावर तो किंचित दबला, पण स्वतःचा चेहरा सोडला नाही.

"आता ॲम्प्लिफायर पुरा तापव," उस्ताद म्हणाले. "ओव्हरड्राइव्ह शेवटपर्यंत. आणि तारांना नुसतं बोटाचं टोक लाव. एकेक तार सुटी कर."

पद्मजाने गिटार खाली ठेवली. "तुम्ही उलटं सांगताय. स्वच्छ आवाजाला जोर लावायचा आणि गर्जनेला हळू हात? असा स्पीकर कोण पारखतं?"

उस्तादांनी मागे वळूनही पाहिले नाही. "मी पारखतो. वाजव."

ती चिडली होती, तरी तिने वाजवले. जुन्या पातळ स्पीकरवर सूर सुरेख तापला. मालकांच्या स्पीकरवर मात्र विचित्र घडले. सहाही तारा एकमेकींत मिसळल्या आणि पत्र्याच्या डब्यात माश्या घोंगावाव्यात तसा एकच चिरका आवाज येऊ लागला. कुठली तार कुठली, हे तिचे तिलाच कळेना. मग तिने तिसरा जोडला. तोही गरजत होता, खरखरत होता, पण त्या खरखरीतून एकेक तार वेगळी ओळखू येत होती. खालची जाड तार, मधली, आणि अगदी वरची बारीकसुद्धा.

"हा," उस्ताद म्हणाले. "हा बसव."

तो त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला होता.  पद्मजा म्हणाली, "बसवते. पण का, ते सांगा."

उस्ताद तिच्याकडे वळून बसले.

"बेटी, कुणी हात लावत नाही तोवर सगळेच स्वच्छ असतात. त्यात कसली परीक्षा? वरून दाब आला, की आपला सूर कोण राखतो आणि कुणाचा घसा बसतो, ते बघायचं. म्हणून तिथं मी तुला जोर लावायला सांगितलं. आणि तापल्यावर ओरडतात तर सगळेच. पण त्या ओरडण्यात काय म्हणणं आहे, कुणाचं म्हणणं आहे, हे ऐकू येतं का? येत नसेल, तर समोरचा त्याला गोंगाट म्हणतो आणि दार लावून घेतो. दार लावायला त्याला ते निमित्तच मिळतं. म्हणून तिथं हळू हात. मालकांचा स्पीकर वाईट नाही. भाषणाला उत्तम आहे. पण तुझा राग त्याच्यातून गेला, की त्याचा नुसता कचरा होतो."

पद्मजाने विचारले, "आणि तो जुना, पातळ? तो तर तापल्यावर फार छान वाजला."

"तो तापल्यावरच छान. त्याला शांत बोलता येत नाही. तुला दोन्ही बोलायचंय."

त्या संध्याकाळी पद्मजाने तिसरा स्पीकर आपल्या पेटीत बसवला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने मालकांचा स्पीकर सोबत घेतला आणि सरळ त्यांच्या केबिनमध्ये नेऊन टेबलावर ठेवला.

"काय झालं? खराब निघाला का?" मालकांनी विचारले.

"नाही मालक, चांगला आहे. माझ्या कामाचा नाही. धून मी दोन्ही भागांसकट वाजवणार आहे."

मालकांनी चष्मा काढला. "पद्मजा, मी तुला मान दिला. पाहुण्यांसमोर उभं करायलोय. तो गोंगाट तिथं नको, एवढंच म्हणतोय."

"तो गोंगाट नाही. तो तुमच्या मागांचा आवाज आहे. माझी आई सत्तावीस वर्षं त्यात उभी होती."

"तुझ्या आईला वयामुळं कमी ऐकू येतं."

"मग तिच्या शेजारच्या मागावरच्या शारदाला? ती बत्तीस वर्षांची आहे."

 मालक शांतपणे म्हणाले, "पहिला भाग वाजव. नाहीतर वाजवू नको."

"वाजवीन तर दोन्ही," पद्मजा म्हणाली, "आणि नाव पत्रिकेवर छापलंय, म्हणजे वाजवणारच." ती खाली येऊन आपल्या जागी टॉवेलांच्या घड्या घालू लागली.  चार टॉवेल तिला पुन्हा उलगडावे लागले.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरले होते. पुढे पाहुणे, मागे कामगार आणि त्यांची घरची माणसे. पद्मजाने हट्टाने आईला शारदाशेजारी, कामगारांच्या पहिल्या रांगेत बसवले होते. तिच्या ॲम्प्लिफायरसमोर माइक ठेवला होता, त्यातून आवाज सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांवर जात होता. पहिला भाग सुरू झाला. सभागृह शांत झाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. तो संपताच लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, पण पद्मजा थांबली नाही. तिने पायाने बटण दाबले आणि मागांचा पहिला ठोका दिला.

मालकांनी बाजूला पाहून खूण केली. ध्वनियंत्रणेवर बसलेल्या माणसाने तिचा माइक बंद केला. भिंतींवरचे मोठे स्पीकर एकदम मुके झाले.

आता उरली फक्त तिची लाकडी पेटी आणि तिच्यातला तो एक स्पीकर. एवढ्या मोठ्या सभागृहात तो आवाज एकाएकी लहान वाटला. पद्मजाच्या मनात संताप उसळला. सगळी बटणे फिरवावीत, तारा तुटेपर्यंत माराव्यात असे तिला वाटले. तिचा हात वर गेलाही होता. मग तिने तो खाली आणला आणि बोटाचे टोक तारेला लावले.

पेटी गरजली. लोक ऐकण्यासाठी पुढे झुकले. खालच्या तारेवर मागाचा ठोका पडत होता, मधल्या तारांवर सूत नेणारा धोटा इकडून तिकडे धावत होता, आणि वरच्या तारेवर एक बारीक शीळ होती, जी माग बंद झाल्यावरही कामगारांच्या कानांत वाजत राहते. पद्मजा घाई करत नव्हती. एकेक गोष्ट ती वेगळी सांगत होती. मध्येच एक ठोका चुकला, पुन्हा चुकला, आणि मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं, ही आपली चार नंबरची लाइन!"

"होय की!" दुसरी उठून उभी राहिली. "तिथं धोटा असाच अडकतोय!"

"आणि ती शीळ... ती माझ्या कानात रात्रंदिवस वाजतीय," शारदा म्हणाली, आणि तीही उभी राहिली.

हळूहळू मागच्या रांगा उठल्या. कुणी घोषणा दिली नाही. बायका नुसत्या उभ्या राहून ऐकत होत्या. नरसम्माला काहीच ऐकू येत नव्हते. आजूबाजूच्या बायका उठल्या म्हणून तीही उठली आणि तिने शारदाकडे पाहिले. शारदाने तिचा हात धरला आणि तिच्या तळव्यावर बोटाने ठोका धरला. दोन ठोके, मग एक चुकलेला. नरसम्माने मान हलवली. तो माग तिने चालवला होता.

धून संपली. टाळ्या झाल्या नाहीत. शारदा मोठ्याने म्हणाली, "मालक, आमचे कान तपासून द्या."

पाहुण्यांनी मालकांकडे पाहिले. 

दुसऱ्या दिवशी पद्मजाला दारावरच सांगण्यात आले, की तुमचे काम बंद. ती घरी गेली नाही. फाटकाबाहेर डबा घेऊन बसली. मागांवरच्या बायका आत गेल्या, पण कुणी माग सुरू केला नाही. दुपारपर्यंत कारखान्यात इतकी शांतता होती, की रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याची हाक आत ऐकू येत होती. संध्याकाळी बशीर उस्ताद आखडलेल्या बोटांत चहाची किटली धरून आले आणि तिच्याशेजारी बसले.

"मी उद्धटपणा केला का, उस्ताद?"

"केलास. मीच तुला तसा स्पीकर दिला."

"काम गेलं."

"हं." उस्तादांनी तिच्या पेल्यात चहा ओतला. "तुझं म्हणणं कुणाला कळलं नाही, असं कुणी म्हणालं का?"

पद्मजाने पेला उचलला. "नाही. तेवढं कुणी म्हणालं नाही."

माग तसेच बंद राहिले, आणि चौथ्या दिवशी मालकांनी कान तपासणारे पथक बोलावले. पद्मजाला त्याच दिवशी कामावर परत घेतले, पण घड्यांच्या विभागातून काढून गोदामात पाठवले. तिने ते मान्य केले. कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत यंत्र मांडले गेले. मालक दाराशी उभे होते. पहिला मान नरसम्माला मिळाला. तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज ऐकू आला की बोट वर करायचे, असे पद्मजाने तिला खुणांनी समजावले.

तपासणारी मुलगी एकेक बटण दाबत गेली. नरसम्मा ताठ बसली होती, बोट तयार ठेवून. एकदाही ते बोट वर गेले नाही. बराच वेळ गेल्यावर मुलीने यंत्र थांबवले आणि मान खाली घातली.

नरसम्माने हेडफोन स्वतः काढले, नीट टेबलावर ठेवले आणि दाराकडे वळून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "मालक, हे लिहून घ्या."