तीनशे तांबे

फार पूर्वी प्रतिष्ठान नगरात कीर्तिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. सोमिलाची महत्त्वाकांक्षा लहान नव्हती. भरुकच्छ बंदरापर्यंत कापड न्यायचे, तिथून स्वतः नौकेत बसायचे आणि समुद्रापलीकडे पेढी उघडायची, हे त्याने मिसरूड फुटायच्या आधीच ठरवले होते. त्याचा मित्र धनगुप्त याचाही बेत तोच होता.

बंदराची वाट एकवीस मुक्कामांची. वाटेवर धर्मशाळा नव्हत्या, व्यापारी लोकांच्या घरी उतरत. तिथे एक रीत होती, तिला ‘तांब्या ठेवणे’ म्हणत. पाहुणा आपल्या तांब्यातले पाणी घरधन्यासोबत पिई आणि जाताना तांब्या तिथेच ठेवी. मग ते घर त्याचे होई. त्याच्या बैलांना तिथे चारा मिळे आणि त्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवी.

धनगुप्ताला मुळात दम नव्हता. त्याने तांबटाकडून एकसारखे तीनशे तांबे करवून घेतले आणि नोकरांकरवी दारोदार पोचते केले. सोबत निरोप असे, ‘धनगुप्त श्रेष्ठींची आठवण असू द्या.’ ज्याचे तोंडही पाहिले नाही त्याची आठवण कशी ठेवायची, हे काही निरोपात नव्हते.

सोमिल एकेक तांब्या घेऊन निघे. जिथे उतरे तिथे दोनचार दिवस राही, कोणाची सून नांदायला आली, कोणाची गाय आटली, सगळे ऐकून घेई.

“माझी तीनशे दारे झाली,” धनगुप्त हसून म्हणे. “तुझी किती?”

“सात.”

“मग बस गप्पा मारत!”

बारा वर्षे गेली. धनगुप्ताच्या गाड्या वाढल्या. व्यापाऱ्यांच्या सभेत सोमिलाच्या शेजारी कोणी बसेनासे झाले. वाटेवर दिवसचे दिवस बैलांखेरीज बोलायला कोणी नसे. जिथे जीव लागे, तिथून चार दिवसांत उठावे लागे. त्याला फार एकटे वाटे. आपण आयुष्य फुकट घालवले की काय, असेही वाटे. तरी एकविसाव्या घरी त्याने तांब्या ठेवला आणि पुढच्या खेपेला नौकेत आपली जागा सांगून ठेवली.

त्या वर्षी गुरांत साथ आली. सोमिल घाटपायथ्याच्या करंजवनाला पोचला तेव्हा बाहेरची गुरे आत येऊ नयेत म्हणून वेशीवर काटेरी कुंपण घातले होते आणि बाहेर धनगुप्ताच्या शंभर गाड्या उन्हात खोळंबल्या होत्या. बैलांनी माना टाकल्या होत्या. विहीर वेशीच्या आत होती. नौका सुटायला बारा दिवस उरले होते.

“या गावात माझे अकरा तांबे आहेत!” धनगुप्त ओरडत होता.

“आहेत की,” गावचा मुख्य, ग्रामणी, शांतपणे म्हणाला. “पण त्यांतलं पाणी कोण प्यालं? तुम्हाला ओळखणारं कोणी असेल तर बोलवा.”

धनगुप्ताने दारादारांवर नजर टाकली. अकरा घरांची माणसे त्याच्याकडे पाहत होती, आणि एकही जण पुढे आला नाही.

इतक्यात रेवती नावाची एक म्हातारी कुंपणाशी आली. “अगबाई, सोमिल! वाळलास की रे. ग्रामणी, आत घ्या त्याला, माझ्या घरचा आहे तो.”

सोमिलापुरती वाट उघडली. पण तो आत गेला नाही.

“ह्याला मी ओळखतो,” तो म्हणाला. “ह्याचे बैल निरोगी आहेत. ह्याच्यासाठी मी जामीन राहतो.”

जामीन राहणाऱ्याला महिनाभर गाव सोडता येत नसे. गावात एक जरी जनावर दगावले, तर त्याचे बैल गाव ठेवून घेई. रेवतीने कपाळावर हात मारला. “अरे वेड्या, तुझी नौका?”

 

धनगुप्ताचे बैल आत येऊन पाणी प्याले. निघताना सोमिलाने धनगुप्ताला पुढच्या प्रत्येक घरधन्याचे नाव आणि ओळख पटेल अशी खुणेची गोष्ट सांगितली. आपले गठ्ठेही त्याच्या गाडीत चढवले. माल समुद्रापलीकडे पोचणार होता, सोमिल पोचणार नव्हता. पुढच्या नौकेत जागा मिळवायला पुन्हा किती वर्षे लागतील, कोण जाणे.

धनगुप्त खाली मान घालून उभा होता. “मी तुला बारा वर्षे हसलो. तू का थांबलास?”

“तुला ओळखणारं इथं दुसरं कोणी नव्हतं,” सोमिल म्हणाला.

धनगुप्ताला रडू फुटले. पण नौका वाट पाहत नाही, त्याला जावेच लागले.

गाड्यांची धूळ खाली बसेपर्यंत सोमिल वेशीवर उभा राहिला. त्याला वाईट वाटले, फार वाईट वाटले. पण धनगुप्ताबद्दल मनात राग आला नाही. मग रेवतीने जेवायला हाक मारली आणि तो आत गेला.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्खूंनो, त्या वेळचा धनगुप्त म्हणजे नगरातल्या प्रत्येक दात्याशी परिचय असलेला आणि काल तापात एकटाच पडून राहिलेला, इथे बसलेला हा भिक्खू. रेवती म्हणजे त्याला पेज घेऊन आलेली उपासिका सुयामा. सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, आचरली, आणि एकट्याने आचरली.”