गवा आणि उष्टा घास

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात एक तरणा गवा राहत असे. अंगाने दांडगा, पण मनाने हळवा. एका दुपारी तो सावलीत रवंथ करत बसला होता. गिळलेले गवत घासाघासाने पुन्हा तोंडात आणायचे आणि निवांत चावायचे, ही गव्यांची रीत. वरून एक माकड म्हणाले, "काय रे दांडग्या, आपलंच उष्टं खातोस होय?" माकडाच्या दोन्ही गालांत तेव्हा उंबरे कोंबलेली होती, पण गव्याच्या ते ध्यानात आले नाही. त्याला फार लाज वाटली.

तेव्हापासून त्याने रवंथ करणे सोडले. भराभर चरायचे, गिळायचे, की पुन्हा चरायला लागायचे. हळूहळू त्याचे पोट डावीकडून फुगले, नगाऱ्यासारखे ताणले, श्वास पुरेना. नेमका तेव्हाच पाणवठा आटला. कळपाला खिंडीपलीकडे जायचे होते, आणि मागे राहिलेल्याला रानकुत्रे सोडत नसत. गवा दोन पावले चालला आणि थांबला. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी येतो सावकाश."

कळपातली म्हातारी गवी मागे वळली. "रवंथ का करत नाहीस, बाळा?" तिने विचारले. त्याने खाली मान घालून सगळे सांगितले. ती हसली नाही. "जरा माझ्या कुशीला कान लाव," एवढेच म्हणाली. त्याने कान लावला. आत दूरवर ढग गडगडत होते. मग बुडबुडे उठले, मग काहीतरी सावकाश कुशीवर वळले, आणि पुन्हा गडगड. गवा आपले दुखणेही विसरला. "आत कोण आहे, आजी?" त्याने हळूच विचारले.

"दिसत नाहीत रे ते. इतके बारीक जीव, की गवताच्या एका काडीवर त्यांचा अख्खा गाव बसेल. ही तुझी शिंगं, हे खांदे, सगळं त्यांनीच गवतातून घडवलंय. पण त्यांना दात नाहीत. म्हणून आपण चावून द्यायचं. माकड त्याला उष्टं म्हणालं, आणि तू ते खरं मानलंस. आई पिल्लाला भरवते, त्याला कुणी उष्टं म्हणतं का?"

मग तिने त्याला चढावर पुढचे पाय ठेवून उभे केले आणि आपल्या तोंडाने त्याची डावी कूस चोळली. बऱ्याच वेळाने त्याला ढेकर आली, मग आणखी एक. ताण उतरला. पोटातून गवताचा एक घास वर आला, आणि तो डोळे मिटून चावू लागला. कळप खिंडीच्या तोंडाशी थांबला होता. उन्हे उतरता उतरता दोघे त्यात मिसळले. चढणीवर त्याला आपल्याच पोटात तो गडगडाट ऐकू आला, तेव्हा तो क्षणभर थबकला. मग कुणी झोपलेले लेकरू सांभाळून न्यावे, तसा जपून पावले टाकत पुढे निघाला.

तात्पर्य : आपले पोट न दिसता आपल्यासाठी राबत असते, त्याला घास सावकाश चावून द्यावा, आणि कुणी हसले म्हणून शरीराची रीत मोडू नये, की दुखणे लपवू नये.