भट्टीतून निघालेला दांडा

“...पण इतका कठीण केलेला दांडा गंजतोच कसा, माई?”

मुलाम्याच्या कारखान्यातली हुशार इंजिनीअर शाल्मली खाडीकाठच्या मठात माईंकडे आली होती ती प्रश्न घेऊन. सुरात मात्र तक्रारच जास्त होती. तिनेच निकेलचा मुलामा चढवून भट्टीत तापवलेला हा होडीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा दांडा. भर समुद्रात तो अडकला, आणि तांडेलाने व त्याच्या खलाशांनी डब्यांनी पाणी उपसत होडी कशीबशी किनाऱ्याला लावली.

उरलेले दांडे आज संध्याकाळी भट्टीत जायचे होते. घालावेत, की तसेच द्यावेत?

माई चिंचेने समई घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “तापवलास कशाला?”

“न तापवलेला मऊ राहतो. रेतीने झिजतो.”

“आणि तापवल्यावर?”

“मुलाम्यातले कण शिस्तीत बसतात. आधी त्यांचा नुसता गोंधळ असतो, काचेत असतो तसा.”

“शिस्त बरी की!”

“बरी कसली! शिस्तीबरोबर मुलामा आकसतो, बारीक तडे जातात. तिथून खारं पाणी आत.”

“गोंधळ होता तेव्हा?”

“तेव्हा... वाट नव्हती पाण्याला.”

बोलून झाल्यावर शाल्मली स्वतःच दचकली. हे तिला पाठ होतं. मग भट्टी पेटवताना कुठे गेलं होतं?

“तांडेलाच्या पंपात रेती जास्त येते, की नुसतंच खारं पाणी?”

“तांडेलाला कशाला विचारू? त्याला काय कळणार, माई! तक्ते माझ्याकडे आहेत.”

माईंनी समई बाजूला ठेवली. गंजका दांडा उचलला आणि शाल्मलीच्या ओच्यात घातला. पांढऱ्या साडीवर तांबूस डाग उमटला.

“अहो माई, साडी!”

“हं.”

...

खाडीवरून कोणाच्या तरी इंजिनाचा फटफट आवाज आला. शाल्मली डाग पुसत राहिली; तो पसरतच गेला.

“तापवावा तर गंजतो, न तापवावा तर झिजतो,” ती रडवेली झाली. “परवापर्यंत मला सगळं स्वच्छ दिसत होतं. आता काहीच कळेनासं झालंय. एवढा गोंधळ घालवा माझा, माई. मग मी सुखाने जाईन.”

माईंनी समई पुन्हा घासायला घेतली.

“असू दे गं तो गोंधळ. परवा नव्हता, तेव्हा कोणाला विचारलंस?”