थांबायच्या जागा

"ह्यां डोळ्यांर लावलां, की मी खंय असतलंय?" भिवा आबांनी विचारलं.

"देवळातच, आबा. सभामंडपात. समोर तुमची चित्रं आणि तुमचाच आवाज," दिगंबर म्हणाला.

भिवा आबा कुडाळकडचे चित्रकथी. हातानं रंगवलेलं एकेक चित्र उभं करायचं आणि वीणेच्या सुरावर देवादिकांची कथा सांगायची. दिगंबर त्यांच्यापाशी नऊ वर्षं शिकला, मग पुण्याला गेला. गेल्या माघात येऊन त्यानं आबांना रिकाम्या देवळात एकटंच बसवलं आणि सगळी कथा कॅमेऱ्यानं टिपून नेली. आता पुण्यात डोळ्यांवर चष्मा चढवून ती पाहायला रांगा लागत होत्या.

गावच्या देवळातून आबांना बोलावणं येऊन सहा वर्षं झाली होती.

आज आबांच्याच ओसरीवर दिगंबरनं तो जाड चष्मा त्यांच्या डोळ्यांवर बसवला.

चित्रातला रथ चालू लागला. टापा अगदी कानाशी वाजल्या. आबा हसले. मग हळूच मान वळवून त्यांनी मागं पाहिलं.

"माणसां खंय आसत?"

"माणसं घेतली नाहीत. चित्रांच्या आड येतात."

आबा ऐकत राहिले. राणीला वनात सोडून रथ परत फिरला… आबांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. आवाज पुढं निघून गेला होता.

त्यांनी चष्मा काढला.

"मी खंयच थांबाक नाय."

"थांबला होतात, आबा. ते मी काढून टाकलं. तेवढ्यात लोक उठून जातात."

 

आबांनी चित्रं बांधलेल्या फडक्याची गाठ सोडली. रथाचं चित्र काढून दिगंबरपुढं उभं धरलं.

"राणी वनात उतरली… रथ माघारी फिरला…"

आणि थांबले.

"हूं," दिगंबर म्हणाला. म्हणायचं त्यानं ठरवलं नव्हतं. नऊ वर्षं पुढ्यात बसून, कथेत आबा थांबले की तो तेच म्हणत आला होता.

आबांनी पुढचं चित्र काढलं नाही. होतं तेच धरून राहिले.

"आबा…" दिगंबरचा आवाज बारीक झाला. "त्या जागा मी परत घालतो. सगळ्या."

"घाल," आबा म्हणाले. "आणि हूं कोण म्हणतलो?"